इंधन-घटाची कहाणी : एका अदृश्य भेसळीशी झुंज

थंडीच्या दिवसांत बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपलेली माणसे सकाळी उठलीच नाहीत, अशी बातमी आपण अधूनमधून वाचतो आणि हळहळतो. या दुर्घटनेमागचा वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो, आणि मग प्राणवायूला जागाच उरत नाही. याच वायूने एका निर्जीव उपकरणाचाही असाच श्वास कोंडला आणि शास्त्रज्ञांना शतकाहून अधिक काळ सतावले. ते उपकरण म्हणजे इंधन-घट. त्याची कहाणी आपल्यापुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

इंधन-घट म्हणजे काय? आपण इंधन जाळतो, त्या उष्णतेने वाफ करतो, वाफेने चक्र फिरवतो आणि चक्राने वीज निर्माण करतो. या लांबच्या वाटेवर बरीचशी शक्ती वाया जाते. इंधन-घटात मात्र ज्योतही नाही आणि चक्रही नाही. एका बाजूने हायड्रोजन आणि दुसऱ्या बाजूने प्राणवायू आत सोडला की रासायनिक क्रियेतून थेट वीज मिळते आणि मागे उरते ते केवळ पाणी. ही क्रिया घडवून आणण्यासाठी प्लॅटिनमसारखा उत्प्रेरक लागतो.

या कल्पनेचा उगम १८३९ सालातला. वेल्समधील स्वॉन्झी गावी जन्मलेले विल्यम ग्रोव्ह हे व्यवसायाने वकील. पुढे ते न्यायाधीशही झाले. परंतु त्यांचा ओढा विज्ञानाकडे होता. विजेने पाण्याचे पृथक्करण होऊन हायड्रोजन आणि प्राणवायू मिळतात, हे त्या वेळी ठाऊक होते. ग्रोव्ह यांनी उलट प्रश्न विचारला : हे दोन वायू पुन्हा एकत्र आणले तर वीज परत मिळेल काय? ती मिळाली. १८४२ मध्ये त्यांनी अनेक घट जोडून आपली ‘वायू-विद्युत्‌माला’ सिद्ध केली. पण प्रयोगशाळेत जपून तयार केलेला स्वच्छ हायड्रोजन वेगळा आणि बाजारातले स्वस्त इंधन वेगळे. खरी परीक्षा पुढेच होती.

योगायोग असा, की ज्या १८३९ साली ही कल्पना जन्मली, त्याच वर्षी जर्मनीतील कासेल येथे लुडविग माँड यांचा जन्म झाला. रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन ते इंग्लंडला गेले आणि सोड्याचे मोठे कारखानदार बनले. कोळशावर हवा आणि वाफ सोडून ते एक स्वस्त वायू तयार करीत. त्यात हायड्रोजन होता. पण त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइडही होता. या वायूपासून थेट वीज मिळवावी, या हेतूने माँड आणि त्यांचे सहकारी कार्ल लँगर यांनी नवा घट बांधला. १८८९ मध्ये त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. आम्लात भिजविलेला सच्छिद्र पडदा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॅटिनमची काळी भुकटी, अशी त्याची रचना होती. शुद्ध हायड्रोजनवर तो सुमारे पाऊण व्होल्टचा दाब देई. मात्र कार्बन मोनॉक्साइड आत आला, की प्लॅटिनमची शक्ती मंदावत जाई. शेगडीच्या खोलीत जे रक्ताचे होते, तेच येथे धातूचे झाले. शत्रूने हायड्रोजनच्या सर्व जागा अडवून ठेवल्या होत्या.

आता इंधन धुऊन घेणे भाग होते. माँड यांच्या कारखान्यात याआधी निकेलच्या झडपा गळू लागल्या होत्या आणि त्यांच्यावर काजळीसारखा कार्बन साचलेला दिसला होता. निकेल आणि कार्बन मोनॉक्साइड यांचे काहीतरी विशेष नाते आहे, हे त्यावरून उमगले. तेव्हा त्यांनी तो वायू वाफेसह तापलेल्या निकेलवरून नेला. कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायॉक्साइडमध्ये रूपांतर झाले आणि वर थोडा हायड्रोजनही पदरात पडला.

हे नाते अधिक तपासताना एक नवल घडले. प्रयोगातून बाहेर पडणारा विषारी वायू खोलीत पसरू नये म्हणून तो नळीच्या तोंडाशी जाळून टाकीत. निकेल थंड होऊ लागले, की त्या फिकट ज्योतीला वेगळेच तेज चढे. नळी तापवून पाहिली, तर आत धातूचा लखलखीत आरसा जमला! निकेल कार्बन मोनॉक्साइडशी संयोग पावून वायुरूपाने वाहत होते. माँड, लँगर आणि क्विंके यांनी १८९० मध्ये हा शोध जाहीर केला. सुमारे ५० अंशांवर निकेल वायुरूप होते आणि २०० अंशांच्या आसपास पुन्हा शुद्ध धातू म्हणून खाली बसते. कोबाल्टसारखे सोबती मात्र मागेच राहतात. या तत्त्वावर १९०२ मध्ये वेल्समधील क्लायडॅक येथे निकेल शुद्धीकरणाचा कारखाना सुरू झाला. ग्रोव्ह यांचे स्वॉन्झी तेथून काही मैलांवरच आहे. इंधनातील मळ काढायला निघालेल्या माणसाच्या हाती धातूतील मळ काढण्याची युक्ती लागली ती अशी!

इंधन-घट मात्र मागे पडला. प्लॅटिनम महाग होते आणि डायनॅमोची वीज स्वस्त होऊ लागली होती. १८९४ मध्ये विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी कोळशापासून धुराविना थेट वीज मिळविण्याचा आग्रह धरला; पण त्यांचे ते स्वप्न दूरच राहिले. पुढे इंग्लंडमधील अभियंते फ्रान्सिस टॉमस बेकन यांनी प्लॅटिनम सोडून निकेल आणि आम्लाऐवजी अल्क वापरले, आणि १९५९ मध्ये ५ किलोवॅटचा घट चालवून दाखविला. अल्काचा शत्रू वेगळा : कार्बन डायॉक्साइड. तो अल्काचे कार्बोनेट करून टाकतो. बेकन यांच्या कामावर आधारलेले घट अपोलो यानांतून चंद्रापर्यंत गेले. तेथे अडचण आली नाही, कारण यानात अतिशीत अवस्थेत साठविलेला अत्यंत शुद्ध हायड्रोजन आणि प्राणवायू होता. घटातून निघालेले पाणी अंतराळवीर पीत असत.

पण वाचकहो, पृथ्वीवरच्या बसगाडीला चंद्रयानाचा थाट परवडत नाही. जगातील बहुतेक हायड्रोजन आजही नैसर्गिक वायू आणि कोळसा यांपासूनच तयार होतो. म्हणून त्याचे शुद्धीकरण टप्प्याटप्प्याने करावे लागते. पहिला टप्पा गंधकाचा. गळती कळावी म्हणून घरगुती गॅसमध्ये जो उग्र वास मिसळतात, तो गंधकाच्या संयुगांचाच असतो. नैसर्गिक वायूतील गंधक झिंक ऑक्साइडवर पकडतात. मग वाफेच्या साहाय्याने वायूचे विघटन करतात. उरलेल्या कार्बन मोनॉक्साइडवर वाफेचा प्रयोग पुन्हा दोनदा होतो : आधी लोहयुक्त आणि नंतर ताम्रयुक्त उत्प्रेरकावर. माँड यांनी निकेलवर केली, ती हीच क्रिया! शेवटी किंचित हवा सोडून राहिलेला अंश जाळतात, किंवा दाब कमीजास्त करून शोषक पदार्थांत अशुद्ध वायू अडकवितात.

एवढी काटेकोरी कशासाठी? सुमारे २०० अंशांवर चालणारा फॉस्फोरिक आम्लाचा घट शंभरात एक भाग कार्बन मोनॉक्साइड सोसतो. मोटारीत वापरला जाणारा पातळ पडद्याचा घट ८० अंशांच्या आसपास चालतो, आणि त्याला दहा लाखांत दहा भागही जड जातात. म्हणून वाहनांच्या हायड्रोजनसाठी आंतरराष्ट्रीय मानक ९९.९७ टक्के शुद्धता मागते. कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा पन्नास लाखांत एक भाग, तर गंधकाची शंभर कोटींत चार भाग. कार्बन मोनॉक्साइडने मंदावलेला घट शुद्ध हायड्रोजन मिळाल्यावर बराचसा सावरतो. गंधकाची बाधा मात्र सहजी उतरत नाही.

ही गोष्ट आता केवळ परदेशाची राहिलेली नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्या पुण्यातच सीएसआयआर आणि केपीआयटी यांनी विकसित केलेल्या इंधन-घटावरील बसचे अनावरण झाले. सूर्याच्या आणि वाऱ्याच्या विजेने पाण्याचे पृथक्करण करून हायड्रोजन मिळविण्याचे प्रयत्नही चालू आहेत. त्यात कार्बनची भेसळ नाही. मुख्यतः पाण्याची वाफ आणि थोडा प्राणवायू तेवढा काढावा लागतो. म्हणजे ग्रोव्ह यांनी जेथून सुरुवात केली, तेथेच आपण नव्या साधनांनिशी परत येत आहोत.

विद्यार्थिमित्रांनो, या इतिहासातून एक गोष्ट ध्यानात ठेवा. ग्रोव्ह यांचे नाव सर्वांना ठाऊक असते. पण घट चालता ठेवण्याचे श्रेय इंधन गाळणाऱ्या, धुणाऱ्या आणि पुन:पुन्हा तपासणाऱ्या अनेक हातांचे आहे. नवी कल्पना सुचणे ही मोठी गोष्ट खरीच. परंतु तिच्या वाटेतला कण न् कण मळ चिकाटीने दूर करणे, हेही तितकेच मोठे विज्ञान होय. गळक्या झडपेकडे आणि बदललेल्या ज्योतीकडे ज्याने दुर्लक्ष केले नाही, त्यालाच नवे दार उघडलेले दिसले. आपल्या प्रयोगशाळेतही एखादी ज्योत अशीच रंग बदलत असेल. ती पाहण्यासाठी डोळे उघडे ठेवा.