मका : रानटी आप्त आणि संकर

मका (झिया मेज) हे तृण कुलातील एकवर्षायू पीक. याची नर फुले शेंड्यावरच्या तुऱ्यात आणि मादी फुले पानाच्या बेचक्यातील कणसात येतात. ताट एकच, पण जागा वेगळ्या. तुरा हाताने उपटला की ते ताट निव्वळ मादी होते. संकर करायला इतके सोयीचे दुसरे धान्य नाही; गहू, भात किंवा ज्वारीच्या इवल्या फुलातून चिमट्याने परागकोश काढत बसावे लागते. शिवाय कणसावरचा प्रत्येक दाणा हे स्वतंत्र अपत्य असल्यामुळे शेकडो अपत्यांचा हिशेब एका कणसावर ओळीने मांडलेला मिळतो. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी दाण्यांवरच्या रंगीत ठिपक्यांचा असाच हिशेब मांडून जागा बदलणारे आनुवंशिक घटक ओळखले आणि त्यासाठी १९८३चे नोबेल पारितोषिक मिळवले. २००९मध्ये मक्याचा जनुकसंच वाचून झाला, तेव्हा त्याचा सुमारे ८५ टक्के भाग अशा फिरस्त्या घटकांचाच निघाला.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात मक्याकडे दाण्यापेक्षा ताट म्हणून अधिक पाहिले जाते. दक्षिणेकडच्या जिरायती तालुक्यांचे धान्य रब्बी ज्वारी व बाजरी. प्रवरा, मुळा आणि गोदावरीच्या पाटपाण्यावर दूधधंदा वाढला आणि त्याच्यामागोमाग चाऱ्याचा मका आला. जिल्ह्यातल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातले मक्याच्या संकरांचे काम याच अंगाने वाचावे लागते.

रानटी आप्त : मक्याचा जवळचा रानटी आप्त म्हणजे टिओसिंटे हे मेक्सिको व मध्य अमेरिकेतील गवत. त्याला अनेक फुटवे येतात. कणीस म्हणावे असे काही नसते. दोन ओळींत पाच ते बारा बिया आणि प्रत्येक बी दगडासारख्या कवचात बंद. या गवतातून मका झाला यावर विश्वास बसणे अवघडच होते. १९३९मध्ये जॉर्ज बीडल यांनी ते ठामपणे मांडले. त्याच वर्षी पॉल मँगल्सडॉर्फ व रीव्ह्ज यांनी उलट मत दिले : मक्याचा मूळ पूर्वज नष्ट झालेला एक रानटी मका असावा आणि टिओसिंटे हा मका व ट्रिप्सॅकम या गवताच्या संकरातून निपजलेला असावा. वाद तीन-चार दशके चालला. बीडल यांनी सेवानिवृत्तीनंतर मका व टिओसिंटे यांच्या संकराच्या दुसऱ्या पिढीतील सुमारे ५० हजार झाडे वाढवून तपासली. दर ५०० झाडांमागे एखादे तंतोतंत मक्यासारखे आणि एखादे तंतोतंत टिओसिंटेसारखे सापडले. म्हणजे दोघांमधला मोठा फरक चार-पाच जनुकांच्या गटांत सामावलेला होता. पुढे जॉन डोबली व सहकाऱ्यांनी त्यांतली काही जनुके नेमकी दाखवली. टीबी१ हे जनुक फुटवे दाबून एकच सरळ ताट उभे करते; टीजीए१ मुळे दाणा कवचाबाहेर येतो. मेक्सिकोच्या बाल्सास नदीच्या खोऱ्यातील पार्व्हिग्लुमिस या उपप्रजातीपासून सुमारे ९ हजार वर्षांपूर्वी, एकदाच मका माणसाळला, हे २००२च्या अभ्यासाने दाखवले. नंतर उंच डोंगराळ भागातल्या मेक्सिकाना या दुसऱ्या उपप्रजातीचे रक्तही त्यात मिसळत गेले.

बहुतेक टिओसिंटे व मका या दोघांचीही गुणसूत्रे २० असल्याने त्यांचा संकर सुपीक निघतो. तरीही मेक्सिकोत मक्याच्या शेतातच उगवणारे मेक्सिकाना शेजारच्या मक्यात सहज विरघळून जात नाही, कारण त्याच्या मादी फुलांच्या केसांत परक्या परागकणाला रोखणारा टीसीबी१ हा आनुवंशिक अडसर असतो. ट्रिप्सॅकमची गोष्ट वेगळी. त्याची गुणसूत्रे ३६ किंवा ७२. मक्याशी त्याचा संकर प्रयोगशाळेत बऱ्याच खटपटीने होतो आणि संतती बहुधा वांझ निघते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस मेक्सिकोच्या हालिस्को राज्यात सापडलेल्या झिया डिप्लोपेरेनिस या बहुवर्षायू टिओसिंटेने मात्र खळबळ उडवली. गुणसूत्रे २०च असल्याने तो मक्याशी जुळत होता आणि एकदा पेरून वर्षानुवर्षे कापता येणाऱ्या मक्याचे स्वप्न दिसू लागले. तसा मका अजून शेतात आलेला नाही.

भारतात टिओसिंटे ‘मकचरी’ या नावाने चाऱ्यासाठी पेरले जाते. पूर्वजाचे जे फुटवे मक्याने टाकून दिले तेच इथे कामाला येतात.

सह्याद्रीतले सोयरे : जुन्या वनस्पतिशास्त्राने मका, टिओसिंटे व ट्रिप्सॅकम यांच्या पंगतीत आशियातील काही गवतांनाही बसवले होते, कारण त्यांच्यातही नर व मादी फुले वेगळी असतात. या मंडळींत महाराष्ट्राच्या ओळखीची गवते आहेत. ओढ्याकाठी व भातखाचरांच्या कडेला उगवणारी कसई, म्हणजे रान मका किंवा रान जोंधळा (कॉइक्स लॅक्रिमा-जोबाय), संस्कृतमधली गवेधुका, ही त्यांपैकी सर्वांत परिचित. तिच्या गुळगुळीत, कठीण फळांना निसर्गतःच आरपार भोक असते. म्हणून त्यांच्या माळा ओवतात. ट्रायलोबॅक्नी कुकी हे तर पश्चिम घाटाचे प्रदेशनिष्ठ गवत. त्याचे नाव मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिणारे थिओडोर कुक यांच्यावरून पडले. अकोले तालुक्याचा पश्चिम भाग याच डोंगररांगेत मोडतो. तेव्हा मका परदेशी असला तरी त्याचे नातेवाईक आपल्या दारात आहेत, असे म्हणण्याचा मोह अभ्यासकांना झाला नसता तरच नवल. कसईची गुणसूत्रेही अनेकदा २०च भरतात, याने मोहात भर पडली.

रेणवीय अभ्यासांनी हे नाते पातळ केले. मक्याचे खरे सख्खे म्हणजे झिया वंशातील इतर गवते आणि त्यांच्यापाठोपाठ ट्रिप्सॅकम, एवढेच. कसई व ट्रायलोबॅक्नी ज्वारी-उसाच्या मोठ्या जमातीतल्या वेगळ्या फांद्यांवर आहेत. फुलांची मांडणी सारखी दिसते ती नात्यामुळे नव्हे. पैदासकाराच्या दृष्टीने याचा अर्थ व्यावहारिक आहे : रोगप्रतिकार किंवा पाणथळ सहन करण्याची ताकद मक्यात आणायची तर सामग्री मेक्सिको व मध्य अमेरिकेतून आणलेल्या बियांतून घ्यावी लागते, ओढ्याकाठच्या कसईतून नाही. दूरच्या संकरांत भारतीयांनी धाडस केले ते उसाच्या बाजूने. कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात जानकी अम्माळ यांनी ऊस व मका यांचा संकर घडवून तो १९३८मध्ये प्रसिद्ध केला. त्यातून साखर कारखान्यांना काही मिळाले नाही, पण गुणसूत्रांच्या अभ्यासकांना पुष्कळ मिळाले.

भारतातील संकरित मका : मक्याचा समन्वित संशोधन प्रकल्प १९५७मध्ये सुरू झाला, पिकांसाठीचा असा देशातला तो पहिला. १९६१मध्ये गंगा १, गंगा १०१, रणजित व डेक्कन हे संकरित वाण आले. तत्त्व जुनेच. मक्याचे स्वपरागण पिढ्यान्‌पिढ्या करत राहिले की वंश शुद्ध होतो पण खुरटतो. असे दोन खुरटे वंश एकत्र आणले की पहिली पिढी जोमदार उसळते. याला संकरज ओज म्हणतात. दुसऱ्या पिढीत ते ओसरते, म्हणून शेतकऱ्याला बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. १९६७मध्ये विजय, किसान, जवाहर असे, बी घरी राखता येणारे संमिश्र वाण काढण्यात आले, ते याच अडचणीवरचा उतारा म्हणून.

राहुरी : विद्यापीठाची स्थापना १९६८ची. चारा पिकांच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाचे केंद्र इथे आहे. ‘आफ्रिकन टॉल’ हा चाऱ्याच्या मक्याचा संमिश्र वाण या विद्यापीठाच्या नावावर आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीस तो प्रसारित झाला आणि देशभर पसरला. हेक्टरी साधारण ७५ किलो बी दाट पेरतात आणि ६५ ते ७० दिवसांनी, पीक निम्मे फुलोऱ्यात असताना कापतात. दाण्यासाठी मका लावणाऱ्याला हे बियाणे उधळपट्टी वाटेल. चाऱ्यासाठी ताट बारीक आणि पाला भरपूर हवा असतो. मुरघासाची गणिते निराळी. तिथे दाणा चिकात असताना कुट्टी करून ती हवाबंद दाबतात. लॅक्टिक आम्ल तयार होऊन सुमारे दीड महिन्यात मुरघास तयार होतो. त्यात कणसाचा वाटा जितका जास्त तितका तो पौष्टिक, म्हणून मुरघासाला दाणेदार संकरित मकाही लावला जातो.

धान्य आणि त्याचा रानटी आप्त यांचा संकर राहुरीत खरोखर फळला, पण तो मक्यात नव्हे, बाजरीत. बाजरी (गुणसूत्रे १४) व नेपियर गवत (२८) यांच्या संकराची संतती २१ गुणसूत्रांची, म्हणून वांझ. धान्याच्या पिकात हा दोष ठरला असता. चाऱ्यात मात्र बी नकोच असते. ठोंब लावले की गवत वर्षानुवर्षे कापता येते. यशवंत (आरबीएन-९) व फुले जयवंत (आरबीएन-१३) हे राहुरीचे असे दोन वाण. जयवंतची पाने लुसलुशीत आणि ऑक्झॅलिक आम्लाचे प्रमाण कमी. बहुवर्षायू टिओसिंटेकडून मक्यात जे आणता आले नाही, ते इथे वांझपणाच्या आडून मिळाले. हा चारा खाणारी याच विद्यापीठाची फुले त्रिवेणी गायही होल्स्टिन फ्रिजियन, जर्सी व गीर अशा तिघांचा संकर आहे.

बियाण्याची शुद्धता : आफ्रिकन टॉल संमिश्र असल्यामुळे शेतकरी त्याचे बी घरी राखू शकतो, निदान कागदावर. प्रमाणित बीजोत्पादनासाठी इतर मक्यापासून २०० मीटर अंतर ठेवण्याचा दंडक आहे. मक्याचा परागकण जड असतो. बहुतेक पराग जवळच पडतात, पण एका तुऱ्यातून लक्षावधी सुटतात आणि त्यांतले थोडे वाऱ्याने दूर जातात. पाटपाण्याच्या पट्ट्यात दोन-तीन एकरांचे तुकडे एकमेकांना लागून असतात. एकाने आफ्रिकन टॉल राखला तरी बांधापलीकडे दुसऱ्याचा संकरित मका त्याच आठवड्यात तुऱ्यावर येतो. २०० मीटर सोडायला जमीन कोणाकडेच नसल्यामुळे बी राखणारे पेरणी दोन-तीन आठवडे पुढेमागे करून दोघांचा फुलोरा चुकवतात. पाटाचे आवर्तन मात्र सगळ्यांना एकाच वेळी येते.