१ जुलैचा वायदा

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी शेअरबाजारात मुहूर्ताचे सौदे होतात. खरेदीला असा मुहूर्त आहे. विकण्याचा मुहूर्त मात्र कोणत्याही पंचांगात सापडत नाही. तो चुकला म्हणजे काय होते, हे मुंबईने १८६५ साली पाहिले.

१८६१ च्या एप्रिलात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. त्याला वाट करून द्यायला नव्या बँका आणि कंपन्या भराभर निघाल्या. त्यांत सर्वांच्या तोंडी नाव होते बॅकबे रेक्लमेशन कंपनीचे. आज लोक संगणकाच्या कंपन्यांकडे ज्या डोळ्यांनी पाहतात, त्याच डोळ्यांनी तेव्हा समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या या कंपनीकडे पाहत. ५,००० रुपये भरलेला तिचा शेअर ५०,००० च्या घरात गेला.

अशा वेळी विकून मोकळे होणे सोपे वाटते. पण काल विकणारा आज हळहळे, आणि त्याची हळहळ पाहून दुसरा हात आवरी. भावाकडे पाहून विकण्याची वेळ कधीच कळत नाही. ती कळते तेजीच्या कारणाकडे पाहून. येथे कारण एक युद्ध होते, आणि कोणतेही युद्ध जन्मभर चालत नाही. रोज सकाळी 'भाव काय?' असे विचारणाऱ्यांनी 'लढाई कुठवर आली?' असे विचारायला हवे होते. ९ एप्रिल १८६५ रोजी व्हर्जिनियात जनरल ली शरण गेला. ती वार्ता मुंबईस पोहोचली आणि कापूस कोसळला.

मग वेळीच विकणारे तरी तरले का? पुष्कळसे सौदे वायद्याचे होते; त्यांचा चुकता हिशेब व्हायचा होता १ जुलै १८६५ रोजी. विकणाऱ्याने नफा वहीत मांडला होता, पण तो हाती यायचा होता. तो दिवस उजाडला तेव्हा घेणाऱ्यांजवळ पैसा नव्हता. एकाचे देणे दुसऱ्याच्या येण्यावर टांगलेले; एक दोरी तुटताच सारी माळ ओघळली. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत चढलेला शेअर ८७ वर आला. वहीतली विक्री ही विक्री नव्हे, हा धडा शहाण्यांनाही महाग पडला.

या तेजीचा राजा प्रेमचंद रायचंद. तोही बुडण्यातून सुटला नाही. मात्र १८६४ साली, भर तेजीत, त्याने मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख आणि आई राजाबाईच्या नावाच्या मनोऱ्यासाठी २ लाख रुपये दिले होते. मनोरा १८७८ साली पुरा झाला. बाजारातून वेळेवर बाहेर काढलेला तेवढा पैसा आजही उभा आहे.