सप्ताहात मशीन का जळते? भोंगे, बॅटरी आणि लाईटचा मेळ असा तपासा

पहाटे काकडा सुरू व्हायची वेळ आणि भोंग्यातून नुसतं ‘हूंऽऽ’ येतंय, किंवा कीर्तन रंगात आलं आणि आवाजच बसला. गावोगावच्या हरिनाम सप्ताहात आणि जत्रेत हा अनुभव नवा नाही. सगळे बोल साउंडवाल्याला लागतात. पण बऱ्याचदा मशीन खराब नसते, मशीन, भोंगे आणि वीज यांचा एकमेकांशी मेळ बसलेला नसतो. तो आधी तपासला तर वर्गणीचे पैसे वाचतात, आणि माणसंही.

आमच्याच गावातली गोष्ट सांगतो. रस्त्याकडं आवाज कमी जातोय म्हणून तिसऱ्या दिवशी कुणीतरी एक जुना भोंगा आणून चालू लाईनला जोडला. त्यात ट्रान्सफॉर्मर नव्हता. थोड्याच वेळात भोंग्याचं युनिट जळालं आणि मागोमाग मशीनही गेली. महाराजांनी उरलेलं कीर्तन विनामाईक केलं.

भोंगे आणि मशीन

मशीनच्या मागे स्पीकरच्या वायरी जोडायला दोन प्रकारची ठिकाणं असतात. एकीकडं 4, 8, 16 ओहम लिहिलेलं असतं, दुसरीकडं 100 व्होल्ट. एका वेळी यातली एकच पद्धत वापरायची.

100 व्होल्टची लाईन लांबच्या वायरीसाठी असते. देवळापासून वेशीपर्यंत भोंगे न्यायचे तर हीच बरी. मात्र प्रत्येक भोंग्याला लाईन ट्रान्सफॉर्मर पाहिजेच. मग हिशोब सोपा आहे, सगळ्या ट्रान्सफॉर्मरचे वॉट मिळवा. 30 वॉटचे पाच भोंगे म्हणजे 150 वॉट. बेरीज मशीनच्या वॉटपेक्षा कमीच ठेवा. 250 वॉटची मशीन असेल तर 200 वर थांबलेलं बरं.

ट्रान्सफॉर्मर नसलेले भोंगे ओहमच्या बाजूला जोडतात. 16 ओहमचे दोन भोंगे समांतर जोडले की 8 ओहम होतात, चार जोडले की 4. जेवढे ओहम होतील त्याच खुणेवर वायर लावा. भोंग्यांचे ओहम खुणेपेक्षा कमी झाले की मशीन तापते आणि जळते.

आता आमचा भोंगा का जळाला ते बघा. 100 चा वर्ग भागिले 16 म्हणजे 625. थोडक्यात, 30 वॉट सोसणारं युनिट एकटंच 625 वॉट ओढायला निघालं. मग युनिट आणि मशीन दोन्ही कशी टिकणार?

बॅटरीवर चालवताना

ट्रॅक्टरची बॅटरी 12 व्होल्टची असते. ट्रकला मात्र सहसा दोन बॅटऱ्या जोडून 24 व्होल्ट केलेले असतात. दिंडीत ट्रक सोबत आहे म्हणून त्यावर 12 व्होल्टची मशीन लावली तर ती गेलीच समजा. ट्रकच्या दोन्ही टोकांना जोडायचं नाही.

100 वॉटची मशीन पूर्ण आवाजात 12 व्होल्टवर 12 ते 15 अँपियर ओढू शकते. बारीक वायर लावली तर व्होल्ट वायरीतच खर्ची पडतात आणि आवाज फाटतो. म्हणून वायर जाड आणि आखूड घ्या. लाल-काळी उलटी लागली नाही ना, हे दोनदा बघा. फ्यूज उडाला तर तारेचा तुकडा घालू नका, त्याच अँपियरचा फ्यूज घाला.

लाईट आणि जनरेटर

मंडपातले काही दिवे एकदम झगझगीत आणि काही मंद झाले, तर न्यूट्रल सुटला असं धरा आणि लगेच मेन बंद करा. अशा वेळी 230 च्या जागी 400 च्या आसपास व्होल्ट येऊ शकतात.

जनरेटर चालू करून तो स्थिर होऊ द्या, मग मशीन लावा. पाण्याची मोटर किंवा वेल्डिंग त्याच लाईनवर नको, मोटर उठताना व्होल्ट पडतात. घरगुती इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा असेल तर भोंग्यात भुणभुण येते, साईन वेव्हचा असेल तर ती सहसा येत नाही.

आवाजाच्या तक्रारी

- मोबाईलवरून अभंग लावल्यावर हूंऽऽ येतं: चार्जर काढून बघा. बऱ्याचदा तेवढ्यानंच थांबतं.
- सतत हूंऽऽ: माईकची वायर लाईटच्या वायरीसोबत बांधलेली असते. ती वेगळी न्या. ओलांडावीच लागली तर आडवी ओलांडा.
- शिट्टी: भोंगा किंवा बॉक्स माईकच्या मागे नको, पुढे आणि श्रोत्यांकडं तोंड करून ठेवा. वापरात नसलेले माईक बंद करा.
- खरखर: माईकच्या पिनेचं टाकं सुटलेलं असतं. वायर बदलून बघितलं की कळतं.

माईकला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर

इथं चालढकल नको. कीर्तनकार, टाळकरी अनवाणी उभे असतात, खाली पाणी सांडलेलं असतं. माईकला झिणझिणी म्हणजे वीज माईकच्या अंगापर्यंत आली आहे. कार्यक्रम थांबवा, मेन बंद करा आणि जाणकार वायरमनला दाखवा.

एक फेज घेऊन दुसरी वायर जमिनीत ठोकलेल्या गजाला जोडायची, असा प्रकार शेतात चालतो. मंडपात तो अजिबात नको. ओल्या मातीत तो गजच जिवंत होतो. आकडाही नको. महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन घ्या, वेगळं अर्थिंग करा आणि 30 मिलिअँपियरची आरसीसीबी बसवा.

रोजची सवय

चालू करताना आधी मिक्सर, शेवटी मशीन. बंद करताना आधी मशीन. दोन्ही वेळा आवाज शून्यावर. नवा भोंगा जोडायचा तर मशीन बंद करून, आणि त्याआधी वॉटची बेरीज कागदावर मांडून. आमच्या मंडपात आता तो कागद मशीनवरच चिकटवलेला असतो. आणखी एक, रात्री 10 ते सकाळी 6 भोंग्याला कायद्यानं मनाई आहे. त्यामुळं काकडा भोंग्याविना करा आणि कीर्तनाची वेळ त्या हिशोबानंच ठरवा.