ओतूरचे बाबाजी चैतन्य : तुकोबांचे स्वप्नातले गुरू आणि ‘मॅनिफेस्टेशन’चा प्रश्न

रात्री झोपताना हवी ती गोष्ट मिळालीच आहे असं मनात धरा, ती खरी होते. असे रील्स तुमच्याही फीडवर येत असतील. हा विचार बराच जुना आहे. बार्बाडोसमध्ये 1905 साली जन्मलेले आणि अमेरिकेत व्याख्यानं देणारे नेव्हिल गोडार्ड हेच शिकवायचे. 2006 मध्ये ‘द सीक्रेट’ आलं आणि तो घरोघरी पोहोचला.

पण झोपेत घडलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवून आयुष्य बदलल्याचं एक उदाहरण पुणे जिल्ह्यातही आहे. जुन्नर तालुक्यातल्या ओतूर गावाशी ते जोडलेलं आहे.

स्वप्नात काय झालं?

ओतूरला मांडवी नदीच्या काठी, कपर्दिकेश्वर मंदिराजवळ चैतन्य महाराजांची समाधी आहे. हेच तुकाराम महाराजांचे गुरू बाबाजी चैतन्य, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. परंपरेत राघव चैतन्य, केशव चैतन्य आणि बाबाजी अशी नावं येतात. केशव आणि बाबाजी एकच की गुरू-शिष्य, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

तुकोबांनी स्वतःच अभंगात हा प्रसंग सांगितलाय. स्नानाला जाताना गुरू भेटले, त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पावशेर तूप मागितलं. ते द्यायचं मात्र तुकोबा विसरले! गुरूंनी आपली परंपरा सांगितली आणि ‘रामकृष्णहरी’ हा मंत्र दिला. दिवस होता माघ शुद्ध दशमी, गुरुवार. अभंगात तिथी आणि वार आहे, वर्ष नाही. त्यामुळे नेमक्या सालावर आजही वाद होतो.

मग सगळं चांगलं झालं का?

नाही. आणि रील्समध्ये नेमकं हेच राहून जातं.

1630 च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, व्यापार बुडाला. पुढे त्यांनी देऊळ दुरुस्त केलं, कीर्तनाला उभे राहू लागले. आत्मपर अभंगात ते म्हणतात की, स्वप्नातला उपदेश आपण मानला आणि नामावर विश्वास धरला. त्यानंतर कविता सुचू लागली. पण ओळीत पुढे काय येतं? विरोध, आणि इंद्रायणीत बुडवाव्या लागलेल्या वह्या. बुडालेलं दुकान स्वप्नामुळे परत आलं नाही. तुकोबांनी ते मागितलंही नव्हतं.

मनाच्या ताकदीबद्दल तुकोबा कमी बोलत नाहीत. मूर्तीत देव बसवतं ते मन आणि त्याची पूजा करतं तेही मनच, अशा आशयाचा त्यांचा अभंग प्रसिद्ध आहे. पण त्यात मन प्रसन्न ठेवायला सांगितलंय, मनाकडून गाडी-बंगला मागवून घ्यायला नाही. दुष्काळात माणसं मेली ती त्यांचा विश्वास कमी पडला म्हणून, असं तुकोबा कुठेही म्हणत नाहीत. ‘तुझं व्हायब्रेशनच चुकलं’ असं नोकरी गेलेल्या मुलाला ऐकवणाऱ्या कोचने एवढं तरी लक्षात घ्यावं.

स्वप्नाची साखळी

ही गोष्ट तुकोबांवर थांबत नाही. कोल्हापुरात राहणाऱ्या बहिणाबाईंनी तुकोबांना पाहिलंही नव्हतं. कीर्तनात त्यांचे अभंग ऐकले होते, तेवढंच. तुकोबांनी स्वप्नात येऊन उपदेश केला, असं त्यांनी आत्मचरित्रपर अभंगांत लिहिलंय. ब्राह्मण घरातल्या बाईने शूद्र गणल्या गेलेल्या संताला गुरू मानणं नवऱ्याला पटलं नाही, मारहाणही झाली. तरी त्या पुढे देहूला पोहोचल्या. इथेही विश्वासाची किंमत आधी मोजावी लागली.

ओतूरला कसं जायचं?

पुणे-नाशिक महामार्गाने आंबेगाव तालुक्यातलं मंचर, मग नारायणगाव ओलांडून आळेफाटा, तिथून माळशेजच्या दिशेने ओतूर. जवळच्या आळे गावात ज्ञानेश्वरांनी वेद वदवल्याची कथा असलेल्या रेड्याची समाधी आहे. माघ शुद्ध दशमी वारकरी आजही तुकोबांचा अनुग्रह दिन म्हणून पाळतात. श्रावणी सोमवारी गेलात तर कपर्दिकेश्वराला तांदळाच्या पिंडी पाहायला मिळतील. गर्दी असते, सकाळी लवकर निघा.