‘नामा म्हणे’, पण कोणता नामा?

आवडत्या कथेतील पात्रे उचलून नव्या गोष्टी रचणाऱ्यांना आज ‘फॅन फिक्शन’ लिहिणारे म्हणतात. हा छंद इंटरनेटने जन्माला घातला, असा आपला समज. मग हिंगोली जिल्ह्यात या. कयाधू नदीकाठच्या नर्सी गावी, परंपरा सांगते त्याप्रमाणे, १२७० मध्ये नामदेवांचा जन्म झाला. (जन्मस्थानावर इतर गावांचाही दावा आहे, तो वाद आज नको.) या शिंप्याने धरलेल्या धाग्यात पुढची कित्येक शतके इतरांनी आपापला दोरा ओवला.

महाराष्ट्र शासनाने १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या नामदेव गाथेत दोन हजारांहून अधिक अभंग आहेत. ते सारे एकाच माणसाचे नाहीत, हे अभ्यासकांना केव्हाच उमगले होते. ‘विष्णुदास नामा’ अशी मुद्रा लावणारा कवी सोळाव्या शतकातला. त्याच्याखेरीज ‘नामा म्हणे’ म्हणत स्वतःचे नाव पुसून टाकणारे आणखी किती, याची गणती नाही. याला चोरी म्हणावे काय? चोर दुसऱ्याचे आपल्या नावावर करतो. येथे आपले दुसऱ्याच्या नावावर केले जात होते.

हे घडे कीर्तनात. कीर्तनकार अभंग घेई, टाळकरी ध्रुपद उचलत, निरूपणात प्रसंग फुलत जाई. जे रंगले ते बाडात उतरे. बाड म्हणजे कीर्तनकाराची हस्तलिखित वही. ती पुढच्या हाती जाई, आणि तो हात तिच्यात भर घाली. ख्रिश्चन ली नोव्हेट्झके यांनी २००८ च्या आपल्या ग्रंथात नामदेवांचे कर्तृत्व असे सामूहिक मानले आहे. मला ते पटते.

आणि विनोद? तो तर या कथांचा प्राण. नामदेवांच्या घरातल्या माणसांच्या नावावरचे अभंग वाचा. आई गोणाई आपला मुलगा परत मागत थेट विठ्ठलाशी भांडते. पत्नी राजाई रुक्मिणीकडे गाऱ्हाणे नेते: तुझ्या नवऱ्याने माझ्या नवऱ्याला नादी लावले, घरात दाणा नाही, आता काय ते तूच बघ. शेजारणीशी बोलावे तसे देवाच्या बायकोशी हे बोलणे. दासी जनाबाईबरोबर दळायला बसलेला विठ्ठल घाईत आपला शेला विसरतो आणि तिची वाकळ पांघरून देवळात परततो. ऐकणारे हसत असतील; पण जिच्या वाट्याला आयुष्यभर दुसऱ्याचे दळण आले, तिच्या जात्याचा खुंटा देवाच्या हाती देणे ही साधी गंमत नव्हे.

खुद्द नायकाचीही गय नाही. गोरोबाकाका थापटी घेऊन प्रत्येक संताच्या डोक्यावर मारत मडके पक्के की कच्चे ते पाहतात. बाकीचे निमूट बसतात, नामदेव तेवढे चिडतात. निकाल लागतो: कच्चे! मग ते औंढा नागनाथला जातात. तिथे विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पहुडलेले. ‘देव नसेल तिथे माझे पाय ठेव,’ असे ते सांगतात, आणि पाय नेतील तिथे पिंड उगवते. असाच प्रसंग गुरू नानकांच्या मक्केच्या कथेत आढळतो. चांगली कल्पना सीमा पाळत नाही.

औंढ्याचीच दुसरी कथा मात्र हसू आवरायला लावते. हीन जातीचा म्हणून नामदेवांना देवळातून उठवले. ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. १६०४ मध्ये संकलित झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत आणि त्यांत हा प्रसंग येतो; पण तिथे औंढ्याचे नाव नाही. गाव पुढे ऐकणाऱ्यांनी जोडले असावे. औंढ्यात आजही लोक नंदीची जागा दाखवून ‘देऊळ फिरले, त्याची ही खूण’ म्हणतात. अपमान स्वतः सोसलेल्या माणसांनी ही कथा जपली, हे मला कोणत्याही शिलालेखाइतकेच महत्त्वाचे वाटते.

१७६२ मध्ये महिपतींनी ‘भक्तविजय’ रचला, आणि त्यात नामदेव व कबीर एकमेकांना भेटतात. दोघांत शंभर वर्षांहून अधिक अंतर! आजच्या भाषेत हा ‘क्रॉसओव्हर’. गंमत अशी की महिपती, आपण पदरचे काही सांगत नाही, नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांच्या आधारेच लिहितो, असे आवर्जून नमूद करतात.

शतकोटी अभंगांची नामदेवांची प्रतिज्ञा घरच्या मंडळींनी वाटून घेतली, तरी ती अपुरीच राहिली, अशी आख्यायिका आहे. सतराव्या शतकात देहूच्या एका वाण्याच्या स्वप्नात नामदेव विठ्ठलाला घेऊन आले आणि उरलेले अभंग तू पुरे कर, म्हणाले. तुकोबांनी स्वतःच हे सांगून ठेवले आहे. आपल्या कवितेचा आरंभ त्यांनी दुसऱ्याच्या राहिलेल्या कामात पाहिला.