धाराशिवचे मैदान आणि चिवटपणाचा इतिहास

१/१६
२९ ऑगस्ट २०२०. महामारीमुळे राष्ट्रीय क्रीडा पुरस्कारांचा सोहळा त्या वर्षी प्रथमच दूरदृश्य पद्धतीने पार पडला. अर्जुन पुरस्काराच्या मानकऱ्यांत एक नाव होते सारिका काळे, गाव धाराशिव, तेव्हाचे उस्मानाबाद. खो-खोच्या वाट्याला हा पुरस्कार तब्बल बावीस वर्षांनी आला होता. पुरस्काराची वार्ता आल्यावर त्यांनी वार्ताहरांना सांगितले की, जवळजवळ दहा वर्षे त्या दिवसातून एकच वेळ जेवून खेळत होत्या.

२/१६
हे विधान देशभर गाजले. त्याचा सर्रास लावला गेलेला अर्थ असा, की मनाने घेतले तर पोट रिकामे असले तरी चालते. महाराष्ट्रातील व्यायामपरंपरेचा इतिहास मात्र या अर्थाला दुजोरा देत नाही. शरीर घडवण्याची सवय आणि न खचणारे मन या गोष्टी येथे कधीच एकट्याच्या बळावर उभ्या राहिलेल्या नाहीत. त्यांच्यामागे कोण उभे होते, हे पाहिल्याशिवाय सारिका काळे यांची कहाणी पुरती कळत नाही.

३/१६
आरंभ तालमीपासून. मराठी मुलखात व्यायाम म्हणजे प्रामुख्याने आखाडा, जोर, बैठका आणि कुस्ती. यात मेहनतीइतकेच महत्त्व खुराकाला होते. दूध, तूप, बदाम यांचा खर्च गरीब घराला पेलणारा नसे. म्हणूनच मल्लांना आश्रयदाता लागे. १८९४ ते १९२२ या काळात कोल्हापूरच्या गादीवर असलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना असा आश्रय दिला आणि कोल्हापूर ही कुस्तीची पंढरी ठरली. मल्लाचा घाम त्याचा स्वतःचा असे, खुराक मात्र दरबाराचा.

४/१६
दुसरी वाट औंध संस्थानाने दाखवली. तेथील अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला, स्वतः ते नित्यनेमाने घातले आणि संस्थानातील शाळांतही रुजवले. विचार साधा होता. साधन नको, खर्च नको, जागा हातभर पुरे. थोडे करावे, पण रोज करावे. व्यायाम हा मल्लांपुरता न राहता मुलामुलींच्या दिनक्रमाचा भाग व्हावा, ही त्यामागची दृष्टी होती.

५/१६
तिसरी वाट सांघिक देशी खेळांची. खो-खो पूर्वापार खेळला जात असला, तरी त्याचे नियम गावोगाव निराळे होते. १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याला नियमांची चौकट दिली. त्याच वर्षी अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला गेला. याच मंडळाच्या पथकाने पुढे १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. १९३५ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने खो-खोचे सुधारित नियम प्रसिद्ध केले.

६/१६
स्वातंत्र्यानंतर खेळाला राष्ट्रीय रूप आले. पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्यात झाली. पुढच्याच वर्षी, १९६०-६१ मध्ये, कोल्हापुरात महिलाही राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. तालमीचा उंबरठा मुलींसाठी सहसा बंदच असे. शाळेच्या मैदानावरचा खो-खो मात्र त्यांना खुला झाला. सारिका काळे यांच्यापर्यंत येणारी वाट येथून सुरू होते.

७/१६
आता धाराशिव. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून जिल्ह्याला मिळालेले उस्मानाबाद हे नाव २०२३ मध्ये बदलून धाराशिव झाले. पर्जन्यछायेचा प्रदेश, कोरडवाहू शेती आणि वारंवार येणारे दुष्काळ. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातील जे चार जिल्हे आले, त्यांत हा एक. अशा ठिकाणी महागड्या साधनांचा खेळ रुजणे कठीण. खो-खोला लागतात दोन खांब, आखणीपुरती फक्की आणि सपाट जमीन.

८/१६
खेळाची रचनाही समजून घेण्यासारखी आहे. पारंपरिक पद्धतीत एका संघाचे आठ गडी मधल्या पाटीवर, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. समोरच्या संघाचे तीन-तीन गडी तुकडीने आत येतात. पळणाऱ्याला बसलेल्यांच्या मधून कोठूनही निसटता येते. पाठलाग करणाऱ्याला मात्र मधली पाटी ओलांडता येत नाही, आणि एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागे वळताही येत नाही.

९/१६
अशा नऊ-नऊ मिनिटांच्या पाळ्या. त्यांत क्षणात वेग घ्यायचा, क्षणात थांबायचे, अंग चोरून हुलकावणी द्यायची, एकेरी किंवा दुहेरी साखळीत पळायचे, खांबावर झेपावायचे, सूर मारून गडी टिपायचा. सलग एका लयीत धावण्यापेक्षा हे वेगळे कष्ट आहेत. तुटक-तुटक तीव्र धावांसाठी स्नायूंमध्ये साठवलेली ऊर्जा झपाट्याने खर्च होते आणि ती भरून निघते केवळ अन्नाने व विश्रांतीने. म्हणजे हा खेळ साधनांच्या बाबतीत स्वस्त असला, तरी शरीराकडून पुरेपूर किंमत घेतो.

१०/१६
मनाचे शिक्षणही नियमांतच आहे. बसलेला गडी आपल्या मर्जीने उठू शकत नाही. पाठीमागून हाताचा स्पर्श आणि ‘खो’ असा उच्चार झाल्यावरच तो उठतो, आणि खो देणारा त्याच्या जागी बसतो. दमलेल्याने हट्टाने धावत राहायचे नसते, ताज्या दमाच्या सोबत्याकडे काम सोपवायचे असते. आपली पाळी येईपर्यंत सावध बसणे हाही खेळच. एकट्याच्या पराक्रमाला येथे मुळातच मर्यादा घातलेली आहे.

११/१६
वयाच्या तेराव्या वर्षी सारिका काळे यांना त्यांच्या काकांनी मैदानावर नेले. घरची स्थिती बिकट होती. आई शिवणकाम करी. शारीरिक मर्यादांमुळे वडिलांची कमाई तुटपुंजी होती आणि संसार मुख्यतः आजी-आजोबांच्या मिळकतीवर चाले. एक वेळच्या जेवणाचे दिवस ते हेच. शिबिराला किंवा स्पर्धेला गेल्यावर तेवढा नीट आहार मिळे. तरीही मैदानावर जाण्यात खंड पडला नाही. उत्साह कमी-जास्त झाला, तरी ठरलेली वेळ आणि वाट पाहणारा संघ तेथे रोज असे.

१२/१६
२०१६ च्या फेब्रुवारीत गुवाहाटी आणि शिलाँग येथे दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. भारतीय महिला खो-खो संघाने सुवर्णपदक जिंकले आणि संघाच्या कर्णधार होत्या सारिका काळे. आणि त्याच २०१६ मध्ये घरच्या आर्थिक ओढाताणीने त्या इतक्या खचल्या की, खेळ कायमचा सोडण्याचा निर्णय त्यांनी घेतला होता. प्रेरणेच्या गोष्टी सांगताना हा भाग बहुधा गाळला जातो. सुवर्णपदकाने घरची चूल पेटत नाही, आणि दहा वर्षे टिकलेले मनही थकते.

१३/१६
त्यांना परत आणले ते प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी. त्यांनी समजूत घातली, धीर दिला आणि त्या पुन्हा मैदानावर उतरल्या. हाच त्यांच्या वाटचालीतील निर्णायक क्षण ठरला, असे जाधव यांनी सांगितले आहे. २०१९ मध्ये त्यांना शासकीय नोकरी मिळाली आणि तुळजापूर तालुक्याच्या क्रीडा अधिकारी म्हणून त्या काम पाहू लागल्या. त्यानंतरच्या वर्षी अर्जुन पुरस्कार. समजूत, नोकरी आणि सन्मान हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

१४/१६
म्हणून एक वेळच्या जेवणाला साधनेचा भाग मानणे चूक आहे. वाढत्या वयात अपुरे अन्न मिळाले की थकवा लवकर येतो, हाडे व स्नायू नीट भरत नाहीत, दुखापत लवकर बरी होत नाही. त्या जिंकल्या त्या उपासमारीमुळे नव्हे, उपासमार असूनही. ज्या मुली तेवढ्याच गुणी होत्या, पण ज्यांना काका मैदानावर घेऊन गेले नाहीत किंवा परत बोलवायला प्रशिक्षक आले नाहीत, त्यांची नावे कोणत्याही यादीत सापडणार नाहीत. चिवटपणाचा इतिहास लिहिताना त्या रिकाम्या जागाही मोजाव्या लागतात.

१५/१६
मैदान मात्र चालू राहिले. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलात पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात भारतीय महिला संघाने नेपाळला ७८-४० असे हरवून विजेतेपद मिळवले. प्रियंका इंगळे यांच्या नेतृत्वाखालील त्या संघात धाराशिवच्या अश्विनी शिंदे होत्या. एका जिल्ह्यातून लागोपाठच्या पिढ्यांत आंतरराष्ट्रीय खेळाडू घडतात, तेव्हा त्याला योगायोग म्हणता येत नाही. मागे रोज आखले जाणारे मैदान असते.

१६/१६
शाहू महाराजांचा खुराक, औंधचा नित्यनेम, जिमखान्याची नियमावली आणि धाराशिवचे प्रशिक्षक हे एकाच इतिहासाचे चार टप्पे आहेत. त्यातून हाती येणारी शिकवण साधी आहे. थोडे पण रोज करावे. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, सोबत्यांसह करावे. पोटभर खाऊन करावे. मन खचले तर ते लपवू नये, ज्याच्यावर विश्वास आहे त्याला सांगावे. आणि आपल्या तुकडीतील कोणी चार दिवस मैदानावर दिसले नाही, तर त्याच्या घरी जाऊन चौकशी करावी. धाराशिवच्या सुवर्णपदक विजेत्या कर्णधाराची कारकीर्द अशाच एका चौकशीने वाचली.