दंतविकार

दात, हिरड्या आणि दाताला जबड्यात धरून ठेवणारे हाड यांच्या आजारांना मिळून दंतविकार म्हणतात. बोलण्यात त्यांची नावे वेगळी असतात : दात शिवशिवतो, दाढेतून कळ येते, ठणका लागतो, गाल सुजतो. ही सगळी दुखण्याची नावे आहेत, आणि घोटाळा तिथेच होतो. दातांचे बहुतेक आजार दुखू लागण्यापूर्वी कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षे गुपचूप चाललेले असतात. ठणका लागला म्हणून दवाखाना गाठणारा माणूस आजाराच्या सुरुवातीला नव्हे, बराच उशिरा पोहोचलेला असतो.

याचे कारण दाताच्या रचनेत आहे. दाताचे पांढरे कवच, म्हणजे एनॅमल, हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने त्यातला सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. त्यात ना मज्जातंतू असतात ना जिवंत पेशी. त्यामुळे ते दुखत नाही, आणि मोडलेले हाड सांधते तसे भरूनही येत नाही. त्याखालचे डेंटिन मऊ असून त्यात अतिसूक्ष्म नळ्या असतात. चिंच-कैरी खाल्ल्यावर दात आंबतात किंवा थंड पाण्याने शिवशिवतात ते उघड्या पडलेल्या या नळ्यांमुळे. अगदी आत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंचा मऊ गाभा असतो. बोलीत त्यालाच दाताची ‘नस’ म्हणतात.

कीड आणि तिचा खोटा किडा

‘दाढेला कीड लागली’ या शब्दप्रयोगात एक जुनी समजूत दडलेली आहे. दात पोखरणारा किडा असतो असे बाबिलोनियापासून भारतापर्यंत मानत. सुश्रुतसंहितेतल्या दंतरोगांत ‘कृमिदंतक’ आहे. दात शिवशिवण्याला तिथे ‘दंतहर्ष’ आणि दातावर साचणाऱ्या खरखरीत थराला ‘दंतशर्करा’ अशी नावे आहेत. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतले किडे पाडण्याचा उपाय खेड्यापाड्यांत अजून ऐकू येतो. युरोपातही खुरासनी ओव्याच्या बियांची अशीच धुरी देत. तापलेली बी फुटली की तिच्यातला वळलेला पांढरा अंकुर बाहेर पडतो, आणि रुग्णाला दाखवला जाणारा किडा तो हाच. दोन्ही वनस्पती एकाच कुळातल्या आहेत. ठणका तात्पुरता कमी झाला तरी दाढेतले भोक होते तेवढेच राहते.

खरे कारण जंतू आणि आम्ल हे आहे. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकी दंतवैद्याने १८९० मध्ये मांडले की तोंडातले जंतू साखर-पिठूळ पदार्थ आंबवून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लात दातातली खनिजे विरघळतात. या जंतूंपैकी एक प्रमुख, स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स, १९२४ मध्ये क्लार्क नावाच्या संशोधकाने वेगळा काढला. दातावरच्या चिकट थराचा सामू (pH) सुमारे ५.५ च्या खाली गेला की एनॅमल झिजू लागते. लाळ अर्ध्या-पाऊण तासात आम्ल सौम्य करते आणि गेलेल्या खनिजांपैकी काही परत बसवते. दिवसभर तोंडात ही ओढाताण चालू असते.

म्हणून साखर किती खाल्ली यापेक्षा ती कितीदा खाल्ली हे महत्त्वाचे. जेवणात पुरणपोळी खाऊन तोंड धुणाऱ्यापेक्षा दर तासाला गोड चहा आणि दोन बिस्किटे घेणाऱ्याचे दात जास्त धोक्यात असतात, कारण लाळेला सावरायला उसंतच मिळत नाही. हे ज्या प्रयोगातून ठळकपणे पुढे आले त्याचा इतिहास मात्र लाजिरवाणा आहे. स्वीडनमधल्या विपेहोम येथील संस्थेत १९४५ नंतर काही वर्षे मतिमंद रुग्णांना जेवणांच्या मधल्या वेळांत चिकट टॉफ्या चारून त्यांचे दात किडू दिले गेले. त्यांची संमती कोणी घेतली नव्हती.

कीड प्रथम हिरडीलगत किंवा दाढेच्या खाचेत खडूसारखा पांढरट डाग बनून दिसते. या टप्प्यावर फ्लोराइड आणि खाण्यातला बदल यांनी ती थांबते, कधी मागेही हटते. खड्डा पडला की मात्र दवाखान्याला पर्याय नाही. कीड कोरून तिथे ‘चांदी’, दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट किंवा सिमेंट भरतात. चांदी म्हणतात ते मिश्रण प्रत्यक्षात जवळपास निम्मे पाऱ्याचे असते. पाऱ्याला आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारानंतर त्याचा वापर जगभर कमी होत चालला आहे. कीड गाभ्यापर्यंत गेली की रात्री झोपू न देणारा ठणका लागतो. मग रूट कॅनल : गाभा काढायचा, मुळाच्या नळ्या साफ करून बंद करायच्या आणि दाढेवर बहुधा कॅप बसवायची.

इथेच एक फसवी गोष्ट घडते. दोन-चार रात्री तळमळून काढल्यावर ठणका अचानक थांबतो. रुग्ण सुटकेचा श्वास सोडतो, लवंगेच्या तेलाला श्रेय देतो. घडलेले असते ते एवढेच की गाभा मेलेला असतो. संसर्ग मुळाच्या टोकाशी मुरत राहतो आणि काही महिन्यांनी गाल सुजून वर येतो. अँटिबायोटिकने सूज उतरते, पण दातातले मूळ कारण जात नाही. लवंगेच्या तेलाने घटकाभर बधिरपणा येतो हे खरे. अ‍ॅस्पिरिनची गोळी दाढेशी दाबून धरणे मात्र घातक, तिने हिरडी भाजते. खालच्या दाढेची सूज गळ्याकडे उतरली, ताप आला, गिळणे किंवा श्वास घेणे जड झाले तर वाट न पाहता मोठे रुग्णालय गाठावे.

दुधाचे दात ‘पडणारच आहेत’ म्हणून सोडून दिले जातात. पण ते पक्क्या दातांची जागा राखतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली पक्की दाढ उगवते. ती येताना कोणताही दात पडत नाही, त्यामुळे ती पक्की आहे हे पुष्कळ आईवडिलांच्या लक्षातच येत नाही. जन्मभरासाठी आलेली दाढ दुधाची समजून किडू दिली जाते.

हिरड्या

निरोगी हिरडीतून ब्रश करताना रक्त येत नाही. रक्त दिसले की लोक तिथे ब्रश लावायचे थांबवतात, आणि आजार वाढतो तो त्यामुळेच. रोज न निघालेला थर लाळेतल्या क्षारांनी कडक होऊन त्याचे कीटण बनते. ते ब्रशने निघत नाही, दवाखान्यात खरवडून काढावे लागते. ‘स्केलिंगने दात हलतात, फटी पडतात’ ही तक्रार नेहमीची. फटी आधीच पडलेल्या असतात, कीटणाने त्या बुजवलेल्या असतात. आजार आत उतरला की हाड झिजते आणि दात हलू लागतात; यालाच पायोरिया म्हणतात. गेलेले हाड सहसा परत येत नाही. मधुमेह आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना बिघडवतात. धूम्रपान करणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, म्हणून त्याला कळतेही उशिरा.

मशेरी, सुपारी, राखुंडी

महाराष्ट्रातल्या दातांबद्दल लिहिताना मशेरी टाळता येत नाही. तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुस्करून भुकटी करायची आणि सकाळी बोटाने दातांवर घासायची. अनेक बायकांची सुरुवात दाढदुखीवरचा घरगुती उपाय म्हणून होते. पुढे तलफ लागते आणि मशेरी दिवसातून चार-पाचदा लावली जाते. दात स्वच्छ करण्याच्या नावाखाली चालणारे हे तंबाखूचे व्यसनच आहे. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली, पण घरच्या तव्यावर ती कशी लागू होणार? तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो. सुपारीने, विशेषतः गुटख्यातल्या, गालाची आतली त्वचा ताठ होऊन तोंड उघडेनासे होते. आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, किंवा तोंडातला पांढरा-लाल चट्टा अथवा जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर ताबडतोब तपासून घ्यावे. असा चट्टा बहुधा दुखत नाही.

राखुंडी, मीठ, कोळसा यांनी दात चकचकीत होतात ते एनॅमल घासले गेल्यामुळे. कडक ब्रश आडवा रगडणाऱ्यांच्या दातांना हिरडीपाशी खाच पडते. कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी नीट चावून कुंचला केला तर थर निघतो. मात्र दाढांच्या मागच्या बाजूंपर्यंत ती पोहोचत नाही.

फ्लोराइड आणि घासण्याची रीत

टूथपेस्टमध्ये उपयोगी ठरणारा घटक फ्लोराइड. फेस आणि गारवा हे सजावटीचे. हेच फ्लोराइड पिण्याच्या पाण्यात जास्त झाले तर बाधते. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यामुळे मुलांच्या पक्क्या दातांवर खडूसारखे किंवा तपकिरी आडवे पट्टे दिसतात. दात जबड्यात घडत असतानाच हे डाग पडतात, म्हणून घासून जात नाहीत. पाणी उकळल्याने फ्लोराइड कमी होत नाही, उलट दाटते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम फ्लोराइड स्वीकार्य आहे. दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत.

मऊ ब्रशने दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटे घासावे. त्यातले रात्रीचे घासणे अधिक मोलाचे, कारण झोपेत लाळ कमी सुटते. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते, त्यापुढे वाटाण्याएवढी. पेस्ट थुंकून टाकावी, पण लगेच खळखळून चुळा भरू नयेत. दातावर उरलेले फ्लोराइड धुऊन जाते. लिंबू सरबत किंवा शीतपेय घेतल्यावर निदान अर्धा तास ब्रश लावू नये. तान्ह्या बाळाला दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नये.

दात काढणे आणि निखळणे

वरची दाढ काढली की नजर जाते, ही भीती निराधार आहे. दात काढल्यावर अर्धा-पाऊण तास कापूस दाबून धरावा, त्या दिवशी जोराने थुंकू नये आणि कढत चहा टाळावा; जखमेवर धरलेली रक्ताची गाठ निघाली तर काढण्यापेक्षा जास्त वेदना पुढचे काही दिवस होतात. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास आधी सांगावे, स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

क्रिकेटचा चेंडू लागून किंवा सायकलवरून पडून पक्का दात मुळासकट निघाला तर तो परत बसू शकतो. मुळाला हात न लावता दात वरच्या, चावण्याच्या बाजूने उचलावा, माती असेल तर दुधात किंवा पाण्यात क्षणभर बुडवून काढावा, घासू नये. जमल्यास लगेच खाचेत बसवून रुमाल चावून धरावा. नाहीतर दुधाच्या पेल्यात टाकून तासाभराच्या आत दंतवैद्याकडे न्यावा. दुधाचा दात असा निघाला तर तो परत बसवत नाहीत, खालच्या पक्क्या दाताला इजा होते.